बँड फुटला, आता गिटार विकायची का?

ताई,

सेलूहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेकरू संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, चौघा दोस्तांचा रॉक बँड दिवाळीत भांडून फुटला, एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिलाय आणि गिटार कॉटखाली गेलीय. ‘हे म्हणतात, विकून टाक अन् स्पर्धा परीक्षेच्या क्लासला बस. तीन वर्षं वाया गेली का हो?’ असं विचारलंत.

जुनी गिटार विकून क्लासची अर्धी फीसुद्धा निघायची नाही. राहू द्या कॉटखाली.

पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: खोलीच्या खिडकीला घरची वाकळ लावून हा रात्र-रात्र लॅपटॉपवर सगळ्यांची गाणी नीट करत बसायचा. माझ्या कामाची ओळ तीच. वाजवायला चौघं होते, आवाज साफ करायला हा एकटा. बँड फुटला तरी हे काम त्याच्या हातातच राहिलं. अमेरिकेचा रॉक गायक कर्ट कोबेन १९९४ मध्ये गेला आणि त्याचा ‘निर्वाणा’ हा बँड संपला. त्यातला ड्रमर डेव्ह ग्रोल त्याच वर्षी स्टुडिओत शिरला, स्वतःची गाणी जवळपास सगळी वाद्यं स्वतःच वाजवून रेकॉर्ड केली, आणि त्यातून ‘फू फायटर्स’ हा नवा बँड उभा राहिला. सगळ्यांचं असं होत नाही म्हणा. आपल्या मुंबईचा रॉक बँड ‘इंडस क्रीड’ १९९७ ला थांबला तो थेट २०१० ला पुन्हा उभा राहिला. मधल्या काळात जो तो आपापल्या वाटेला लागला होता.

आता गाण्यांचं. वरातीच्या बँडचं नाव मालकाचं असतं आणि गाणी सिनेमाची, त्यामुळे वादक सोडून गेला तर तंटा नाही. इथे नावही पोरांचं, गाणीही पोरांचीच. ‘पिंक फ्लॉइड’ या इंग्लंडच्या रॉक बँडमधून त्यातला गायक-वादक रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडला, तेव्हा नावावरून वाद कोर्टापर्यंत गेला. १९८७ अखेर तडजोड झाली आणि नाव मागे राहिलेल्यांकडे गेलं. तुमच्याकडचं प्रकरण एवढं मोठं नाही, पण इंटरनेटवर गाणी कुणाच्या जीमेलवरून चढवलीत, एवढं त्याला विचाराच. गायकाच्या असतील तर पासवर्डही त्याच्याचकडे. चौघं एकमेकांचे फोन उचलतात तोवर एकदा चहाला बसावं आणि कागदावर लिहून सह्या कराव्यात: चाल कुणाची, शब्द कुणाचे, रेकॉर्डिंग कुणी केलं, नाव पुढे कोण वापरणार. आपल्या कायद्यात चालीचा हक्क ती बांधणाऱ्याच्या हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. आज फुकट वाटणाऱ्या गाण्यावर उद्या नातवंडं भांडतील. प्रत्येक वाद्याचे सुटे ट्रॅक मात्र आजच हार्ड डिस्कवर काढून ठेवायला सांगा.

पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, ध्वनिमुद्रणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याला पदवी लागते, म्हणजे एम-थ्री सोडवल्याशिवाय तिकडचा रस्ता नाही. बहुतेक मोठ्या स्पर्धा परीक्षांनाही पदवी लागतेच, त्यामुळे ह्यांच्याशी वाद घालायचं आत्ता तरी कारण नाही.

सुट्टीत लेकरू घरी आलं की माझ्याकडे पाठवा. एकच गाणं आणू दे, पण दोनदा: त्याने हात लावण्याआधीचं आणि नंतरचं.