गुडघे, गुलाब आणि दत्तकाची बाग

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी तोक्योत आहे. मे महिन्यात आम्ही दोघं आणि सासूबाई (वय 71) त्याच्याकडे जाणार आहोत. देवळं, टॉवर, खरेदी यांतून एकच दुपार मोकळी आहे. सुनेने 'क्यू-फुरुकावा' नावाची बाग सुचवली. "जुना बंगला आणि बाग बघायला इतक्या लांब कशाला? लक्ष्मीविलास राजवाडा आहे की इथे!" असं आमच्या यांचं म्हणणं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. जावं का? डबा नेता येईल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, जा. हे कुरकुरत असतील तर त्यांना खरेदीला पाठवा, पण सासूबाईंना न्या.

मी दोन वर्षांपूर्वी लेकीकडे गेले होते तेव्हा मेमध्येच ही बाग पाहिली. माझाही उजवा गुडघा जिना दिसला की बोलायला लागतो, म्हणून आधी त्याचंच सांगते. बाग टेकाडाच्या उतारावर आहे. वर बंगला, त्याखाली टप्प्याटप्प्याने गुलाब आणि अगदी तळाशी तळं. म्हणजे जाताना उतार, परतताना चढ! वाटा खडीच्या, मध्ये पायऱ्या. काठी हवीच. कामी-नाकाझातो स्टेशनवर उतरलात तर बाहेर पडल्या पडल्या चढ लागतो. लेकीने मला तिथेच उतरवलं आणि फाटकापाशी पोचेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. तुम्ही मेट्रोचं निशिगाहारा धरा. तिकीट मी गेले तेव्हा 150 येन होतं, पासष्टीच्या पुढच्यांना 70. सासूबाईंचा पासपोर्ट जवळ ठेवा.

आता यांच्या शंकेबद्दल. ही जागा आधी मुत्सु मुनेमित्सु या परराष्ट्रमंत्र्यांची. त्यांचा धाकटा मुलगा फुरुकावा इचिबेई या खाणमालकाला दत्तक गेला आणि त्याच्यामागोमाग जागाही फुरुकावांकडे गेली. कवळाण्याच्या गोपाळरावांना महाराणी जमनाबाईंनी मांडीवर घेतलं आणि आपल्याला सयाजीराव मिळाले, हे बडोद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा दत्तकाने वळण घेतलेलं घराणं आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच की फुरुकावांचा पैसा आशिओच्या तांब्याच्या खाणीतून आला, आणि त्या खाणीच्या घाणीने वातारासे नदीकाठच्या शेतकऱ्यांची शेतं नासली. गुलाब पाहताना हे मनातून जात नाही, जाऊही नये.

बंगला 1917चा, जोसाया काँडर या इंग्रजाने बांधलेला. हा 1877 साली जपानात वास्तुकला शिकवायला आला आणि तिथलाच झाला. तोक्यो स्टेशन बांधणारे तात्सुनो किंगो त्याचेच विद्यार्थी. काँडर जपानात गेला त्याच सुमारास आपल्याकडे मँट आणि चिझम या इंग्रज वास्तुकारांचा लक्ष्मीविलास उभा राहू लागला, त्यामुळे यांना ओळखीचं काही दिसेलच. पण लक्ष्मीविलास डोळ्यांत मावत नाही. हा बंगला एका नजरेत मावतो. तांबूस-काळसर दगड, पाटीच्या दगडाचं छप्पर. बाहेरून पक्का विलायती, आणि वरच्या मजल्यावर खोल्यांची दारं उघडली की आत तातामी, म्हणजे जपानी गवती चटया! साहेबी कोट घालून आत जानवं, तसं. आतून पाहायचं तर तिकीट वेगळं आहे आणि वरच्या मजल्यासाठी आधी नोंदणी लागते. ते सुनेवर सोपवा.

पण जीव रमतो तो खालीच. गुलाबांच्या शेवटच्या टप्प्यानंतर अझेलियाची झुडपं लागतात, मग एकदम सावली आणि थंडावा. वर वळून पाहावं तर बंगला झाडांआड गेलेला. हा भाग क्योतोच्या ओगावा जिहेई या बागा रचणाऱ्याने 1919 साली पुरा केला. एक दगडी बांध तेवढा नीट पाहा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड, मुद्दाम ढासळल्यासारखे रचलेले. मी फटीत बोट घालून पाहिलं, आत ओली माती आणि नखाएवढं नेचं. पुढे एक कोरडा धबधबा आहे, म्हणजे दगड आणि वाळूचाच. मी लेकीला विचारलं, "पाणी बंद केलंय का गं?" शेजारची बाई मराठी कळल्यासारखी हसली. पाण्याचा खरा धबधबा थोडा पुढे आहे, आवाज येतो. तळ्याजवळच्या बाकावर सासूबाईंना अर्धा तास बसू द्या, तुम्ही फिरून या.

जवळच रिकुगिएन ही बाग आहे, 1702ची आणि खूप मोठी. सून एका दमात दोन्ही सुचवेल. दोन्ही करू नका.

राहिला डबा. कामाटीबागेत सतरंजी पसरून शेवउसळ मांडतो तसं तिथे कोणी करत नाही. आम्ही बाकावर बसून थेपले खाल्ले, कोणी काही म्हटलं नाही. मात्र कचऱ्याची पेटी शोधून सापडली नाही. लसणाच्या चटणीचा कागद पर्समध्ये घालून मी दोन गाड्या बदलून घरी आले, आणि पर्सला अजून वास आहे. तुम्ही चटणी डबीत न्या, घट्ट झाकणाच्या.