सासवडपर्यंतचंच बोलूया

“मॅडम, मी पोचेन ना पंढरपूरला? की मधूनच परत यावं लागेल?”

चैत्र संपला की हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी माझ्याकडे घेऊन येतं. पहिल्यांदा वारीला निघालेली माणसं असतात. पाय, पाऊस, गर्दी अशी कारणं सांगतात आणि सगळ्यांच्या तळाशी हाच प्रश्न असतो. इथे ज्यांच्याविषयी लिहितेय त्या काकू ५९ वर्षांच्या, डोंबिवलीत राहणाऱ्या, नोकरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. माहेर फलटणचं. त्यांच्या परवानगीनं लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांना मुलगा घेऊन आला होता. दिंडीत नाव घातलं, भिशीचे, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाण्याचे, पैसे भरले आणि त्या रात्रीपासून काकूंना रोज तीनला जाग यायला लागली. छातीत धडधड व्हायची, तळव्यांना घाम सुटायचा. डॉक्टरांनी तपासून हृदयाचं काही नाही असं सांगितलं होतं. साखरेची गोळी चालू होती, पण ती बऱ्याच वर्षांपासूनची. मुलाचं म्हणणं सरळ होतं, “एवढी भीती वाटतेय तर जाऊच नये ना!” काकू मान खाली घालून गप्प बसल्या होत्या. मी मुलाला बाहेर बसायला सांगितलं.

“तीनला जाग येते तेव्हा डोळ्यांपुढे काय येतं?”

मला वाटलं होतं वाटेतला दिवेघाटाचा चढ म्हणतील. त्या म्हणाल्या, “फलटण.”

माऊलींची पालखी त्यांच्या माहेरच्या गावात मुक्कामाला असते. लहानपणी दारावरून दिंड्या जायच्या. आई परातीत कढत पाणी आणि मीठ घेऊन ओट्यावर बसायची आणि अनोळखी बायांचे पाय शेकायची. आता त्या घरात भाऊ आहे. वारीला येतेय म्हटल्यावर त्यानं भावकीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. “आधीच गळाले तर त्याला तोंड कसं दाखवू?” हे बोलताना त्यांचा आवाज फुटला.

धडधड होती ती या तोंड दाखवण्याची. हे कळेपर्यंत अर्धा तास गेला, पण कळलं नसतं तर आम्ही नुसत्या बुटांवरच बोलत राहिलो असतो.

मी त्यांना म्हटलं, “काकू, आपण फलटणचं आज बोलायचं नाही. पंढरपूरचंही नाही. सासवडपर्यंतचंच बोलूया.” आळंदी ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरातलं. तेवढं सगळं एकदम मनात घेतलं की कुणाचंही मन बसतं. पण वाटेची आखणी बघा. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान, दुसऱ्या दिवशी पुणे, पुण्यात दोन मुक्काम, मग सासवड, तिथेही दोन मुक्काम. आळंदी–पुणे आणि पुणे–सासवड हे दोन टप्पे तीस किलोमीटरच्या आसपासचे आणि दुसऱ्यात दिवेघाट. सासवडनंतर जेजुरी साधारण सोळा किलोमीटर, त्यापुढे वाल्हे त्याहून जवळ. म्हणजे कस लागतो तो सुरुवातीलाच, अंगाला सवय नसताना. म्हणून मी पहिल्या पाच दिवसांपलीकडची आखणी कुणालाच करू देत नाही. पुढचं पुढे.

दुसऱ्या भेटीत त्यांना एक काम दिलं. तीनला जाग येतेच आहे तर पडून राहायचं नाही. उठायचं, गार पाण्यानं अंघोळ करायची आणि देवापुढे बसायचं. वारीत बायकांना टँकरवर अंघोळीसाठी त्याच सुमाराला उठावं लागतं, उजाडायच्या आत आवरावं लागतं. जी वेळ भीतीची होती ती तयारीची झाली. आठवड्याभरात धडधड पूर्ण गेली नाही, पण काकू म्हणाल्या, “आता जाग आली की वाटतं, चला, उठायची वेळ झाली.” सतरंजीवर झोपायचा सराव तेव्हाच सुरू केला, तोही हॉलमध्ये, घरातले टीव्ही बघत असताना. तंबूत शेजारी तीस बाया असतात, कुणी घोरतं, कुणी रात्री दोनला पिशवी शोधतं.

चालायचा सराव बहुतेक जण करतात, पण एक चूक हमखास होते. रविवारी पंधरा किलोमीटर चालायचं आणि सहा दिवस विश्रांती. वारीत कसोटी असते ती दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी उभं राहण्याची. काकूंना शनिवार-रविवार लागोपाठ चालायला लावलं. शनिवारी पहाटे खिडकाळेश्वराच्या देवळापर्यंत चालत, येताना रिक्षा. रविवारी पुन्हा तेच. वारीत घालायच्या त्याच चपला, तोच पंजाबी ड्रेस, तीच शबनम पिशवी. नव्या चपला आळंदीत घालणाऱ्यांचे पाय विश्रांतवाडीतच सोलतात. आणि मांड्या काचतात, हे बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. आतून सुती चड्डी गुडघ्यापर्यंतची आणि खोबरेल तेल, एवढ्यानं काम होतं.

तिसऱ्या भेटीत त्यांनी खरी अडचण काढली, तीही पर्स आवरत निघता निघता. “मॅडम, मी ठरवलंय, दिवसा पाणीच प्यायचं नाही.”

मी त्यांना परत बसवलं. शौचालयाच्या भीतीनं पाणी तोडणाऱ्या बाया मी दरवर्षी बघते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. ज्येष्ठाची उकाड्याची दुपार, अंगात साखर, पोटात गोळी, आणि पाणी नाही! चक्कर येते ती यामुळे, आणि मग घरचे म्हणतात, “वय झालं तिचं.” आता वाटेवर आणि मुक्कामांवर फिरती शौचालयं उभी असतात. रांग असते, सगळी स्वच्छ असतात असंही नाही, पण असतात. आम्ही ठरवलं ते असं: एकदम तांब्याभर पाणी प्यायचं नाही, दर अर्ध्या तासाला चार घोट. शौचालय दिसलं की गरज असो-नसो, जाऊन यायचं. दिंडीतल्या एका अनुभवी बाईला पहिल्याच दिवशी सांगायचं, “मावशी, मला सोबत लागते.” हे वाक्य काकूंकडून मी तीनदा म्हणवून घेतलं. मदत मागायची त्यांना सवयच नव्हती.

उपासाचा प्रश्नही त्यातूनच निघाला. पुणे–सासवडचा लांबचा टप्पा बहुतेक वर्षी नेमका वद्य एकादशीला येतो. वारकरी उपासानं घाट चढतात. काकूंनाही तसंच चढायचं होतं. इथे मी सल्ला द्यायचं टाळलं, कारण तो ना माझा विषय ना माझा अधिकार. त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी गोळ्यांचं वेळापत्रक त्या दिवसापुरतं वेगळं करून दिलं आणि दर दोन तासांनी काहीतरी खाल्लंच पाहिजे असं बजावलं. राजगिऱ्याच्या वड्या, केळी आणि शेंगदाणे शबनममध्ये आले. आदल्या दिवसांचीही काळजी होती. पुणेकर वाटेवर पोहे, वडे, बिस्किटं, चहा प्रेमानं हातात देतात. सगळं घेत गेलं की रात्री पोट बिघडतं. “हात जोडून नमस्कार करा, एक केळं घ्या, पुढे चला,” एवढंच सांगितलं.

एका ठिकाणी मी चुकले. घाटाच्या दिवशी गाडीनं जाऊन सासवडला दिंडीत मिळावं, असं मी सुचवलं. काकूंचा चेहरा पडला. पुढच्या भेटीला त्या आल्याच नाहीत. मी फोन केला, माफी मागितली. त्यांना घाट चढायचाच होता आणि मी त्यांच्या वतीनं आधीच हार मानली होती. त्या परत आल्या तेव्हा त्यांनीच एक गोष्ट सांगितली. दिवेघाटात माऊलींच्या रथालाही जादा बैलजोड्या जुंपतात. “रथाला चालतं, मग मला का लाज वाटावी?” असं त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. मी वहीत ते वाक्य लिहून घेतलं. पुढचं सगळं काम त्याच वाक्यावर झालं.

ते काम म्हणजे थांबायचं केव्हा, हे घरी बसून ठरवणं. दिंडीचा सामानाचा ट्रक सकाळीच पुढच्या मुक्कामाला निघून जातो, बऱ्याचदा वेगळ्या रस्त्यानं. म्हणजे ट्रकमध्ये बसायचं की नाही, हा निर्णय घाटाच्या पायथ्याशी घेता येत नाही, तो पहाटे घ्यावा लागतो. आणि पहाटे अंधारात, टाळ वाजत असताना, भारलेल्या मनानं कुणीच नीट निर्णय घेत नाही. म्हणून काकूंनी स्वतःच्या हातानं एक चिठ्ठी लिहिली: पाय टेकवल्यावर लंगडावं लागत असेल, ताप असेल किंवा रात्री दोनदा जुलाब झाले असतील, तर आज ट्रक. वाटेत चक्कर आली तर तिथेच बसायचं, रुग्णवाहिका बोलवायची. चिठ्ठी त्या दिंडीतल्या मावशींकडे ठेवायला द्यायची, म्हणजे मनानं पळवाट काढली तरी कागद सांगेल. त्याच कागदामागे दिंडीचा क्रमांक, दिंडी माऊलींच्या रथामागून चालते म्हणून ‘रथामागे’ हा शब्द आणि मुलाचा नंबर. चुकामूक झाली तर घाबरून उलटं-सुलटं धावायचं नाही, हा क्रमांक कुणालाही विचारायचा. मुक्कामावर समाज आरतीच्या वेळी चोपदार हातातला दंड उंच करतात, क्षणात सगळा तळ शांत होतो आणि हरवल्या-सापडल्याची नावंही पुकारली जातात. हे कळल्यावर काकूंच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं.

मुलाशी एकदा बोलले. दिवसाला दहा फोन करायचे नाहीत, हरिपाठ झाल्यावर आईच करेल. दुसरी विनंती जास्त महत्त्वाची होती. पुण्याच्या विश्रांतीच्या दिवशी “घरी येऊन झोप, परवा सोडतो” असं म्हणायचं नाही. माझ्या पाहण्यात, पहिल्यांदा गेलेली माणसं घाटात सुटत नाहीत, पुण्यात सुटतात. पाय सुजलेले, गाडी दोन-तीन तासांत घरी पोचवणारी आणि घरच्यांचा मायेचा फोन. त्याला ते पटायला वेळ लागला, पण त्यानं पाळलं.

आषाढी होऊन पंधरवड्यानं काकू आल्या. रंग रापलेला, गळ्यात तुळशीची माळ. घाट त्या पूर्ण चढल्या होत्या. घाटाच्या पायथ्याशी वडकीला बसून दोन केळी खाल्ली आणि वर जाईपर्यंत बसल्या नाहीत. पण टाचेचा फोड फुटला. सासवडच्या दोन दिवसांत भरला नाही, जेजुरीच्या पहाटे पाय टेकवेना. मावशींनी न बोलता चिठ्ठी पुढे केली. काकू ट्रकमध्ये बसल्या, जेजुरीत उतरल्या, रात्री खूप रडल्या आणि दुसऱ्या दिवशी टाचेला पट्टी बांधून वाल्ह्याला चालत गेल्या.

“आणि फलटण?” मी विचारलं.

भाऊ वेशीवर आला होता. त्यानं घरी नेलं, आईची परात काढली, कढत पाणी ओतलं. पाय पाण्यात बुडवले तेव्हा काकू पहिलं वाक्य बोलल्या ते हेच, “दादा, सासवड ते जेजुरी मी ट्रकनं आले.”

“मग काय म्हणाले?”

“काही नाही. म्हणाला, पाणी निवलंय, अजून आणतो.”