कॅटॅलिटिक मेम्ब्रेन: पडदा, पटल की पापुद्रा?

प्रश्न असा आलाय की कॅटॅलिटिक मेम्ब्रेनला (रासायनिक क्रियेला वेग देणारा आणि काही पदार्थच पलीकडे सोडणारा पातळ थर) मराठीत 'उत्प्रेरकी पटल' म्हणायचं, 'उत्प्रेरक झिल्ली' म्हणायचं की सरळ 'पडदा', आणि त्या 'क' आणि 'की'त काही फरक आहे का.

झिल्ली नको, हिंदीत ती छान रुळलीय पण मराठी कानाला परकीच वाटते. पडदा वाईट नाही, कानाचा पडदा म्हणतोच की आपण, पण पडदा म्हटलं की काहीतरी आड करणारी वस्तू डोळ्यासमोर येते आणि इथे तर सगळा खेळ कोणाला पलीकडे सोडायचं नि कोणाला अडवायचं याचा आहे. शाळेत पेशीचं प्रद्रव्यपटल शिकलो होतो, तेही असंच निवडून सोडतं, म्हणून माझं मत पटलाला. (विधानसभेच्या पटलावर कागद ठेवतात ते पटल वेगळं, गोंधळ होणार नाही.)

आता 'उत्प्रेरक', म्हणजे स्वतः खर्ची न पडता क्रियेला वेग देणारा. मारक शस्त्र, पूरक आहार म्हणतो ना, मारकी शस्त्र कोणी म्हणत नाही. त्या 'क'मध्येच 'करणारा' आलाय, म्हणून 'उत्प्रेरक पटल' म्हणजे जे पटल स्वतःच उत्प्रेरण करतं ते. वरून ई लावायची गरज नाही.

पण खरी गंमत इथेच आहे, कारण सगळीच पटलं स्वतः ते काम करत नाहीत. पॅलेडियम घ्या. या धातूतून हायड्रोजन आरपार जातो हे थॉमस ग्रॅहम या रसायनशास्त्रज्ञाने 1866 मध्ये दाखवलं. हायड्रोजनचा रेणू पृष्ठभागावर फुटतो, सुटे अणू धातूतून सरकतात, पलीकडे परत जोडी जमते, बाकीचे वायू अलीकडेच राहतात. सायक्लोहेक्झेनपासून बेंझिन करताना हायड्रोजन सुटतो, तो तिथेच साचला तर क्रिया उलटी फिरायला लागते, पण पॅलेडियमच्या नळीत हे केलं तर धातू क्रियाही घडवतो आणि हायड्रोजनला बाहेरही काढतो, म्हणजे क्रिया पुढेच ढकलली जाते. मॉस्कोत ग्र्याझनोव्ह या रसायनशास्त्रज्ञांनी अशा पटलांवर भरपूर काम केलं. हे झालं अस्सल उत्प्रेरक पटल.

याउलट मिथेन आणि वाफेपासून हायड्रोजन करताना उत्प्रेरक म्हणून निकेलच्या गोळ्या असतात आणि पॅलेडियमची नळी शेजारी नुसती हायड्रोजन ओढून घेते. एरवी 800-900 अंशांवर करावी लागणारी क्रिया अशाने 500-550 ला भागते, फायदा मोठा आहे, पण याला उत्प्रेरक पटल म्हणणं चूक. 'पटल-रिअ‍ॅक्टर' म्हणा (रिअ‍ॅक्टर म्हणजे क्रिया जिथे घडवतात ते पात्र). आणि कृपा करून 'पटल-अणुभट्टी' नको!! रिअ‍ॅक्टर दिसला की अणुभट्टी लिहायची सवय लागलीय लोकांना, इथे एकही अणू फोडायचा नाहीये.

जाता जाता, उत्प्रेरक म्हणजे विरजण असं समजावून सांगतात ते मला पटत नाही. विरजण दह्यातच मिसळून जातं आणि वाढतं, उत्प्रेरक क्रिया संपल्यावर होता तितकाच उरतो.

राहिला पापुद्रा, जो कोणी सुचवलाच नाही. ही पटलं करताना अख्खी नळी पॅलेडियमची केली तर परवडणार नाही, म्हणून अ‍ॅल्युमिनाची (अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची) सच्छिद्र नळी घेतात, तिच्यावर पॅलेडियमचे बारीक कण आधी बी म्हणून बसवतात आणि मग पॅलेडियमच्या क्षाराच्या द्रावणात हायड्राझिन नावाचं रसायन घालून, वीज न लावता, काही मायक्रॉनचा थर चढवतात. शुद्ध पॅलेडियम साधारण 300 अंशांखाली हायड्रोजन पिऊन फुगतं, नंतर आक्रसतं, आणि असं चार वेळा झालं की थर तडकतो नाहीतर नळीपासून सुटतो (म्हणून त्यात 23-25 टक्के चांदी मिसळतात). भाकरी फुगली की वरचा पापुद्रा सुटतो तसंच अगदी. तेव्हा पूर्ण वस्तूला पटल म्हणा, पण त्या थराला मी तरी पापुद्राच म्हणेन, आणि 'पापुद्रा सुटला' म्हटलं की काय बिघडलं ते वेगळं सांगायला नको.