दारूचा वारसा मुलाच्या मेंदूत दिसतो का?

प्रश्न : सासरे दारूपायी गेले. नवऱ्याची दारू सुटून तीन वर्षं झाली. आता सोळा वर्षांचा मुलगा दोनदा पिऊन घरी आला. मित्र कौतुकाने सांगतात, "याला चढतच नाही." मेंदूचा एमआरआय नॉर्मल आहे. जनुकांची चाचणी करावी का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, त्या चाचणीवर पैसे घालू नका. दारूच्या व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो, पण तो शेकडो जनुकांत कणाकणाने विखुरलेला असतो. एकट्याने मोठा फरक पाडणारी जनुकं मोजकीच. चीन, जपान, कोरियात बऱ्याच लोकांत एएलडीएच२ जनुकाचा असा प्रकार आढळतो, की घोटभर दारूनेही चेहरा लाल होतो, मळमळतं आणि पिणं नकोसं होतं. दारू सोडवण्यासाठी देतात ती डायसल्फिरामची गोळी याच जनुकापासून बनणारं, दारू पचवायला लागणारं एन्झाइम (पाचकद्रव्यासारखं प्रथिन) अडवते.

एमआरआय नॉर्मल म्हणजे गाठ नाही, रक्तस्राव नाही, एवढंच. मेंदूच्या बाह्य थराची जाडी जेमतेम २ ते ४ मिलिमीटर. पिणाऱ्या मुलांच्या मेंदूत संशोधनात सापडणारे फरक मिलिमीटरच्याही छोट्या अंशाचे आणि हजारो मुलांच्या सरासरीतले. एका मुलाच्या फिल्मवर ते ओळखता येत नाहीत.

आधी काय, मेंदूतला फरक की दारू? अमेरिकेत सुमारे ९,८०० मुलांचे ९-१० वर्षांचे असतानाच स्कॅन काढले होते. पुढे पंधराव्या वर्षाच्या आत दारू, तंबाखू किंवा गांजा चाखलेल्यांच्या मेंदूत काही फरक आधीपासूनच होते. कपाळामागचा थर किंचित पातळ होता. हा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र दारूला यातून माफी नाही. भरपूर पिणाऱ्या किशोरांत मेंदूच्या पुढच्या भागातलं करडं द्रव्य (चेतापेशींचा भाग) वयाच्या मानाने लवकर घटतं, हेही दिसलं आहे.

मला खरी काळजी वाटते ती "चढत नाही" याची. दारूचा असर कमी जाणवणं हे बरेचदा आनुवंशिक असतं, आणि अशा मुलांना पुढे व्यसन लागण्याचा धोका जास्त. दुसरा एका पेगवर थांबतो तिथे हा तीन घेतो. मेंदूला मात्र तिन्हींचा मार बसतो. मित्रांसमोर हे कौतुक बंद करा.

मुलाशी एकट्याने बोला. वर्षभरात किती वेळा, एका बैठकीत किती, एकटा पितो का, पिऊन गाडी चालवली का, रात्रीचं काही आठवेनासं झालं का, हे शांतपणे विचारा. मग मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना घरात कोणी, कितव्या वर्षी पिणं सुरू केलं हे कागदावर लिहून न्या. तो रोज पीत असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. आणि दारू सोडवणारी म्हणून मिळणारी पावडर जेवणात गुपचूप कालवू नका. त्यात डायसल्फिराम असेल आणि वरून तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. डॉक्टर गाठेपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर किंवा व्यसनमुक्ती हेल्पलाइनच्या १४४४६ वर फोन करा.