फरशी मिस्त्री आणि दुकानदारांना बक्षीस म्हणून डिजिटल गिफ्ट कार्डं द्यायची आहेत, काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत टाइल ॲडहेसिव्ह (फरशी चिकटवायची पावडर) बनवता, ४० दुकानदार आणि साधारण ३०० फरशी मिस्त्री तुमचा माल वापरतात. दिवाळीला मिक्सर, डिनरसेट पाठवायचात, पण त्यातले बरेच मधल्या मध्येच अडकायचे, म्हणून आता गिफ्ट कार्ड. पुरवठादार म्हणतोय, ५ लाखांची कार्डं एकदम उचललीत तर २ टक्के सूट देतो. घ्यावीत का?

नका घेऊ. २ टक्के म्हणजे १०,००० रुपये. ५०० रुपयांची हजार कार्डं घेतलीत आणि त्यातली फक्त २० पडून राहिली, चुकीच्या नंबरवर गेली किंवा मुदतीबाहेर गेली, तर ती सूट संपली. एकदा कोड निघाला की तो सहसा परत घेतला जात नाही. शिवाय मुदत बहुतेक वेळा कार्ड निघाल्याच्या तारखेपासून मोजतात, मिस्त्रीच्या हातात पडल्यापासून नव्हे. दिवाळीत काढलेलं वर्षाच्या मुदतीचं कार्ड जूनमध्ये दिलंत तर त्याच्याकडे चार-पाच महिनेच उरतात.

म्हणून रचना उलटी ठेवा. प्रत्येक बॅगेत कूपन टाका, ते स्कॅन केलं की मिस्त्रीच्या खात्यावर तुमचे पॉइंट साठू द्या आणि त्याने मागणी केली की त्याच क्षणी कार्ड काढा. न मागितलेल्या पॉइंटचे पैसे तोपर्यंत तुमच्याच बँकेत राहतात. कार्ड काढल्यावर मात्र त्याने ते वापरलं नाही तरी पैसे तुमच्याकडे परत येत नाहीत. पुरवठादाराकडे आगाऊ जमा ठेवावीच लागते, पण ती आठवड्याच्या मागणीपुरती पुरे.

आता कार्ड कोणतं. एकाच ब्रँडचं, फक्त त्याच्याच दुकानात किंवा ॲपवर चालणारं व्हाउचर रिझर्व्ह बँकेच्या प्रीपेड नियमांत येत नाही. त्याची मुदत आणि अटी तो ब्रँड ठरवतो, सहा महिन्यांचीसुद्धा असू शकते. अनेक ठिकाणी चालणारं प्रीपेड गिफ्ट कार्ड मात्र त्या नियमांत येतं. २०२१ च्या मास्टर डायरेक्शनप्रमाणे अशा एका कार्डाची मर्यादा १०,००० रुपये, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत, रोख काढता येत नाही आणि किमान मुदत एक वर्ष. २५,००० चं बक्षीस जाहीर केलंत तर तीन कार्डं द्यावी लागतील, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘बाकीचे कुठे गेले’ असा फोन येतो.

फरशी मिस्त्रीला भारी कपड्यांच्या ब्रँडचं व्हाउचर देऊन उपयोग नाही, मग त्यावर पुरवठादार कितीही सूट देवो. सूट तिथेच जास्त मिळते, तो सापळा आहे. त्याच्या तालुक्यात चालेल असं काही द्या: पेट्रोल, किराणा, मोठ्या ऑनलाइन बाजाराचं कार्ड. निवडीची एकच लिंक देऊन सहा-सात पर्याय ठेवलेत की पुरे. पन्नास ब्रँडची यादी दिलीत तर तो लिंक बंद करून तुमच्या सेल्समनला फोन लावेल. प्रत्येक ब्रँडबद्दल पुरवठादाराला एक प्रश्न जरूर विचारा: कार्ड थोडं-थोडं वापरता येतं की एकाच बिलात संपवावं लागतं? दुसऱ्या प्रकारात ५०० च्या कार्डावर ४३० चं बिल केलं की ७० रुपये बुडतात, आणि शिव्या तुम्हाला पडतात.

बजेटचा हिशोब असा मांडा. २० किलोची बॅग ४०० रुपयांना जाते आणि त्यातले २ टक्के द्यायचे असं धरलं, तर बॅगमागे ८ रुपये, म्हणजे ८ पॉइंट. ३०० मिस्त्री महिन्याला सरासरी २५ बॅगा वापरत असतील तर ७,५०० बॅगा, म्हणजे सगळी कूपनं स्कॅन झाली तर महिन्याला ६०,००० रुपये. सगळी होत नाहीत, पण तरतूद पॉइंट मिळाले त्या महिन्यातच करा, कार्ड निघेल तेव्हा नको. नाहीतर मार्चएंडला सगळे एकदम मागणी करतात आणि खर्चाचा डोंगर दिसतो. पहिलं कार्ड १०० रुपयांचं ठेवा. १३ बॅगांत तिथवर पोचता येतं, म्हणजे पंधरा-वीस दिवसांत. किमान १,००० पॉइंटची अट घातली तर १२५ बॅगा लागतात आणि निम्मे लोक पाच महिने वाट बघायच्या आधीच स्कॅन करणं सोडतात.

कूपन बॅगच्या आत टाका, बाहेर चिकटवलेलं कूपन दुकानातच निघून जातं. पावडर आणि ओल लागते, म्हणून लॅमिनेशन हवं आणि क्यूआरच्या खाली हाताने टाइप करता येईल असा कोडही हवा. कोड अनुक्रमाने छापू नका. १२ अक्षरांचा, कुठलाही क्रम नसलेला कोड घ्या आणि त्यातून शून्य व ओ, एक व आय ही जोडगोळी वगळा. सगळ्यात मोठी गळती छापखान्यातून होते: कोडांची फाइल तिथे राहते, उरलेला रोल तिथे राहतो. म्हणून छापलेले कोड सिस्टीममध्ये बंदच ठेवा आणि बॅगांचा लॉट कारखान्यातून निघेल त्या दिवशी त्या लॉटचेच चालू करा.

नोंदणीला एक मोबाइल नंबर म्हणजे एक माणूस, आणि ओटीपी घेतल्याशिवाय नोंद नाही. दुकानदाराला ‘तुम्हीच मिस्त्रींची नावं भरा’ सांगितलंत तर दहा नावांपुढे त्याच्याच घरातले नंबर दिसतील. एका नंबरवर एका दिवसात ४० बॅगांच्या वर स्कॅन झाले की खातं आपोआप थांबवा आणि साइट विचारा. खरा कंत्राटदार पाच मिनिटांत साइटचा पत्ता देतो.

एसएमएसवर बरेच जण अडखळतात. हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मेसेजचा ठरलेला मजकूर) डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी यंत्रणेवर, नोंदवलेलं लागतंच, शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधली लिंकही आधी मंजूर करून घ्यावी लागते, नाहीतर मेसेज अडवला जातो आणि तुमच्या अहवालात मात्र ‘पाठवला’ असंच दिसतं. म्हणून पुरवठादाराकडून ‘पोचला’चा अहवाल मागा. मराठी एसएमएस ७० अक्षरांचा, त्यात काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. ७० च्या पुढे गेलात की दोन मेसेजचे पैसे. पुरवठादार स्वतःच्या हेडरने पाठवणार असेल तर मिस्त्रींना ते नाव आधी कळवा, अनोळखी नावाच्या लिंकवर कोणी बोट ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. मेसेजमध्ये सरळ कोड न टाकता लिंक द्या आणि ती उघडताना त्याच नंबरवर ओटीपी मागा.

कोड म्हणजे रोकड, हे ऑफिसात पाटी लावून सांगितलं तरी चालेल. पूर्ण कोडांची एक्सेल मेलवर फिरता कामा नये, अहवालात शेवटचे चारच आकडे दिसावेत. कार्ड काढणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा असावा. ‘साहेबां’च्या फोटोचा व्हॉट्सॲप मेसेज येतो, ‘मीटिंगमध्ये आहे, दहा कार्डं काढून कोड पाठव’. ही फसवणूक जुनी आहे, तरी अकाउंट्सची मुलं अजून फसतात. मोठ्या ऑनलाइन बाजाराच्या कार्डावर कोणी १०-१२ टक्के सूट देऊ केली तर ते कोड चोरलेल्या क्रेडिट कार्डावरचे असू शकतात, लांब राहा. ‘कोड आधीच वापरलेला दाखवतोय’ अशी तक्रार आली तर लगेच दुसरं कार्ड देऊ नका. कधी आणि किती रकमेला वापरलं ते पुरवठादाराकडून आधी काढा. बऱ्याचदा मुलाने स्वतःच्या खात्यात टाकलेलं असतं.

टीडीएस, म्हणजे देणाऱ्याने आधीच कापून भरायचा कर: धंद्यातल्या माणसाला वर्षात २०,००० च्या वर असा लाभ दिला तर १० टक्के. जुन्या कायद्यात हे कलम १९४आर होतं, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात ते ३९३ मध्ये गेलं. महिन्याला २५ बॅगांचा मिस्त्री वर्षाला २,४०० वर थांबतो, त्याचा प्रश्नच नाही. पण २५० बॅगा घेणारा कंत्राटदार बघा. दर महिन्याला २,००० चं कार्ड, दहा महिन्यांत बरोबर २०,०००. अकराव्या महिन्यात मर्यादा ओलांडते आणि कर पूर्ण २२,००० वर लागतो, म्हणजे २,२००. द्यायचं कार्ड २,००० चं! कार्डातून कर कापता येत नाही, आणि कर भरल्याची खात्री होईपर्यंत ते देता येत नाही. म्हणून १५,००० वर पोचताच पॅन मागा (नसेल तर दर २० टक्के) आणि कर कोण भरणार ते योजनेच्या अटींत पहिल्या दिवशीच लिहा. तुम्ही भरणार असाल तर २२,००० ला ०.९ ने भागा, २४,४४४ येतात, त्यावरचा कर २,४४४. तो त्याच्या पॅनवर जमा दिसतो. दुकानातल्या काउंटरवरच्या मुलाला दिलेलं कार्डही दुकानमालकाच्याच खात्यात मोजलं जातं, हे दुकानदारांना आधी सांगा. बिलावर दिलेली सूट यात येत नाही, त्यामुळे दुकानदारांना सूट आणि मिस्त्रींना कार्ड अशी विभागणी मला जास्त पटते. तुमच्याच कर्मचाऱ्यांना कार्डं द्यायची असतील तर हिशोब वेगळा, तो पगारात धरतात.

पुरवठादाराचं बिल नीट वाचा. ३१ डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिपत्रकाप्रमाणे व्हाउचर स्वतः ना वस्तू ना सेवा, त्यामुळे कार्डाच्या दर्शनी किमतीवर जीएसटी लागू नये. प्लॅटफॉर्म किंवा वितरणाची फी घेत असतील तर त्या फीवर १८ टक्के. सगळ्या रकमेवर १८ टक्के लावलेलं कोटेशन आलं तर ते परत पाठवा आणि दोन ओळी वेगळ्या करून मागा.