वाचकांचे प्रश्न : एक्स-रेमधली सावली

प्रश्न : माझ्या मनगटाचा एक्स-रे 55 केव्हीवर काढला आणि वडिलांच्या छातीचा 120 वर. फुप्फुसांत तर हवाच असते, मग छातीला जास्त केव्ही कशाला?

उत्तर : केव्ही म्हणजे किलोव्होल्ट, एक्स-रे ट्यूबवरचा कमाल व्होल्टेज. तापलेल्या फिलामेंटमधून सुटलेले इलेक्ट्रॉन त्या व्होल्टेजने खेचले जातात आणि टंगस्टनच्या अ‍ॅनोडवर आदळतात. त्यांची 99 टक्के ऊर्जा उष्णतेतच जाते (अ‍ॅनोडची चकती गरागरा फिरवावी लागते ती त्यामुळेच), उरलेल्या टक्काभरातून क्ष-किरण मिळतात. केव्ही वाढवला की किरणांची ऊर्जा वाढते.

हाड पांढरं दिसतं ते मुख्यतः कॅल्शियममुळे. त्याचा अणुक्रमांक मांसातल्या अणूंपेक्षा मोठा, आणि फोटोइलेक्ट्रिक शोषण (अणू किरण पूर्ण गिळतो ते) अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतं आणि किरणांच्या ऊर्जेच्या घनाच्या प्रमाणात घटतं. ऊर्जा दुप्पट केली तर ते आठव्या हिश्श्यावर येतं. मनगटात हाड आणि मांस यांतला फरक ठळक हवा असतो, म्हणून कमी केव्ही. छातीत तोच ठळकपणा नडतो, कारण पांढऱ्याशुभ्र बरगड्यांमागे फुप्फुसाचा बराच भाग झाकला जातो. 120 केव्हीला बरगड्या फिकट होतात आणि त्यांच्या मागचंही दिसतं. त्या बदल्यात विखुरलेले किरण चित्र धुरकट करतात, त्यांना अडवायला डिटेक्टरपुढे (चित्र टिपणाऱ्या प्लेटपुढे) शिशाच्या बारीक पट्ट्यांची ग्रिड लावतात.

टेक्निशियन दुसरा आकडा लावतो तो एमएएसचा, म्हणजे किरण किती सोडायचे त्याचा. केव्ही 15 टक्क्यांनी वाढवणं आणि एमएएस दुप्पट करणं, डिटेक्टरपाशी परिणाम जवळपास सारखाच. डिजिटल यंत्रात एक छुपी अडचण आहे. एमएएस कमी पडला तर चित्र दाणेदार होऊन चूक लगेच कळते. जास्त झाला तर चित्र उलट छान येतं, आणि रुग्णाला उगाच जास्त मात्रा बसते. त्यासाठी पडद्यावरचा एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे डिटेक्टरपर्यंत किती किरण पोचले ते सांगणारा आकडा, पाहायची सवय हवी. ती सगळीकडे दिसत नाही.

प्रश्न : छाती प्लेटला टेकवून, पाठ यंत्राकडे करून उभं का करतात? श्वास का रोखायचा?

उत्तर : किरण एका बिंदूतून फाकत येतात, त्यामुळे प्लेटपासून लांब असलेल्या अवयवाची सावली मोठी पडते. हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं. ते प्लेटपासून 8 सेंटिमीटरवर आणि ट्यूब 180 सेंटिमीटरवर धरली, तर सावली 180 ÷ 172 पट, म्हणजे पाच टक्क्यांहून कमी फुगते. खाटेवर झोपलेल्या रुग्णाचा एक्स-रे समोरून, 100 सेंटिमीटरवरून घेतला आणि हृदय प्लेटपासून 15 सेंटिमीटरवर राहिलं, तर हीच वाढ 18 टक्क्यांपर्यंत जाते. खाटेवरच्या एक्स-रेवरून 'हृदय मोठं झालंय' असं म्हणताना डॉक्टर अडखळतात ते यासाठी.

खोल श्वास घेतला की श्वासपटल खाली उतरतं आणि फुप्फुसांचे खालचे भाग मोकळे होतात. अर्धवट श्वासात तिथल्या रक्तवाहिन्या दाटीने दिसतात आणि न्यूमोनियाचा भास होऊ शकतो. मागच्या बाजूने मोजून नऊ-दहा बरगड्या श्वासपटलाच्या वर दिसल्या, तर श्वास पुरेसा घेतला होता असं समजावं.

प्रश्न : एक्स-रेनंतर खोलीत किरण उरतात का?

उत्तर : नाही. ट्यूबचा प्रवाह थांबला की किरण संपतात, दिवा मालवल्यासारखे. खोली किंवा कपडे किरणोत्सारी होत नाहीत. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा साधारण 0.02 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक), निसर्गातून वर्षाला जागतिक सरासरीने 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच, त्या हिशेबाने ही तीन दिवसांची. सीटी स्कॅनचं गणित वेगळं आहे, तिथे मात्रा काही मिलिसिव्हर्टपर्यंत जाते.

प्रश्न : पडल्यावर एक्स-रे 'नॉर्मल' आला, दोन आठवड्यांनी त्याच जागी फ्रॅक्चर निघालं. पहिल्यांदा चुकलं का?

उत्तर : तसं असेलच असं नाही. बारीक चीर किरणांच्या दिशेत असेल तरच काळ्या रेषेसारखी उमटते. तिरकी असली तर वरखालच्या अखंड हाडाच्या सावलीत मिसळून जाते. म्हणून किमान दोन बाजूंनी, शक्यतो काटकोनात, चित्रं घेतात. मनगटातल्या स्कॅफॉइडसारख्या वाकड्या हाडाला खास कोनातलं आणखी एखादं लागतं. दहा-चौदा दिवसांत चिरेच्या कडांचं हाड थोडं विरघळतं, फट रुंदावते आणि मग ती दिसते. तोवर दुखत असेल तर हात प्लास्टरमध्ये किंवा स्प्लिंटमध्ये ठेवून एक्स-रे पुन्हा काढतात. तितकं थांबायचं नसेल तर एमआरआय : त्यात हाडाच्या आतली सूज आधीच दिसते.