सवयीच्या कोंबड्या खुराडं सोडून झाडावर का झोपायला लागतात?

तुमच्या दहा-बारा गावरान कोंबड्या दोन वर्षं रोज खुराड्यात जात होत्या. आता पंधरा दिवस झाले, दिवेलागणीला दारापर्यंत येतात, आत मान घालून बघतात आणि माघारी फिरून झाडावर चढतात. साप-मुंगूस काही दिसलेलं नाही, तरी असं का, हा तुमचा प्रश्न.

यातलं ‘दोन वर्षं’ महत्त्वाचं. नव्या कोंबड्या असत्या तर चार-पाच दिवस आतच कोंडून ठेवा म्हटलं असतं, जागेची ओळख पटली की आपोआप जातात. पण सवयीची कोंबडी घर सोडते तेव्हा तिच्यापेक्षा घराकडं बघायचं. आणि बघायचं ते रात्री.

आमचं घर कोल्हापूरजवळ, राधानगरी रस्त्याला. मागच्या उन्हाळ्यात हाच प्रकार झाला. आठही कोंबड्या परड्यातल्या पेरूवर. मला वाटलं उकाड्यानं करतात. रोज रात्री स्टुलावर चढून एकेक उतरवायची, आत ढकलायची, कडी लावायची. आतून रात्रभर कुरकुर आणि पंखांची फडफड. एके दिवशी कंटाळून उतरवलंच नाही, तर सकाळी पेरूखाली नुसती पिसं. शेजारच्या आक्का म्हणाल्या, उदमांजराचं काम. ते झाडावर सहज चढतं, त्यामुळं झाडावर झोपली म्हणजे सुटली असं नसतं.

आक्कांनीच मग विचारलं, “काठीखाली हात घालून बघिटलास काय?” मी म्हटलं, दिवसा सगळं झाडून घेतलंय, काही नाही. “दिवसा काय दिसतंय? थांब, रात्री मी येतो.”

नऊच्या सुमाराला त्या धुतलेल्या धोतराचा पांढरा तुकडा घेऊन आल्या. कोंबड्या ज्या बांबूवर बसतात त्याच्या खालच्या बाजूनं तो ओढला आणि बॅटरीच्या उजेडात धरला. फडक्यावर रक्ताचे बारीक फराटे, आणि त्यात मोहरीहून लहान ठिपके चालत होते. बांबूच्या चिरलेल्या टोकात बॅटरी मारली तर आत विडीची राख सांडल्यासारखा करडा भुगा, आणि तो हलत होता! अंडी काढताना माझ्या हाताला आठवडाभर खाज का सुटत होती, तेही तेव्हा कळलं.

याला लाल माइट म्हणतात, आमच्याकडं सरसकट ‘पिसवा’. दिवसभर फटीत, सालीखाली, पत्र्याच्या जोडात दडून राहतात आणि अंधार पडला की बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितात. उपाशी असले की करडे, प्यायले की लाल. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत पुढची पिढी तयार होते, आणि खायला नसलं तरी कित्येक महिने तग धरतात, म्हणजे खुराडं महिनाभर रिकामं ठेवून भागत नाही. उवा कोंबडीच्या अंगावरच राहतात, हे मात्र खुराड्यात राहतात. म्हणून कोंबडीला कितीही राख चोळा, घर तसंच ठेवलं तर व्यर्थ.

फटीत ढेकणासारखं चपटं, त्याहून मोठं काही सापडलं तर ती कोंबड्यांची गोचीड. तिचाही धंदा रात्रीचाच. तिच्यामुळं स्पायरोकीटोसिस नावाचा ताप पसरतो, हिरवट हगवण लागते, कोंबड्या मान टाकतात. तसं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ जनावरांच्या दवाखान्यात जा.

आम्ही काय केलं ते सांगतो. बांबू सगळे बाहेर काढून न्हाणीच्या चुलीत घातले. बांबू हे या किड्यांचं चाळीस खोल्यांचं घर आहे, परत वापरू नका. खालचं भुसकट, अंड्यांच्या पाटीतलं पिंजर, सगळं जाळलं. मग उकळतं पाणी प्रत्येक फटीत. वाळल्यावर चुन्याचा घट्ट हात, फटी बुजेपर्यंत. नवी काठी रंधा मारलेली बाभळीची, दोन इंच रुंद, कडा गोल केलेल्या. भिंतीत रुतवली नाही, दोन खुंट्यांवर नुसती ठेवलीय, उचलून खालून बघता येते. आठव्या दिवशी पुन्हा उकळतं पाणी, कारण राहिलेल्या अंड्यांतून तोवर नवे निघालेले असतात. पहिल्या खेपेनंतर मीही खूश होऊन थांबणार होतो, आक्कांनी थांबू दिलं नाही.

उसावर मारायचं औषध खुराड्यात फवारू नका, कोंबड्यांवर तर नकोच. दवाखान्यातून औषध आणलंत तर अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही विचारून घ्या.

आता फडकं पांढरं निघालं तर? मग आत वाकून नाकानं बघा. डोळ्यांना झोंबणारा वास येत असेल तर तो विष्ठेचा अमोनिया, वरच्या बाजूला हवेला वाट हवी. काठी खिडकीच्या किंवा दाराच्या उंचीपेक्षा खाली असेल तर वर घ्या. कोंबडीचा मूळ वंश रानकोंबड्याचा, तो झाडावरच झोपतो, त्यामुळं मिळेल ती उंच जागा धरायची हे तिच्या रक्तातच आहे. एखाद्या रात्री घूस किंवा धामण आत शिरून गेली असेल तरी त्या बरेच दिवस बुजून राहतात. आणि दार उशिरा उघडत असाल तर तीही चूक, अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही. आत काळोख असेल तर ती दारातूनच फिरते.

खुराडं साफ झालं तरी पहिल्याच दिवशी जातील असं नाही. आमच्या चौघी तिसऱ्या दिवशी गेल्या, दोघींना आठवडा लागला. सूर्य असतानाच आत मूठभर मका टाकायचो. राहिलेली एक, तांबडी, अजून पेरूवरच असते. तिला रोज अंधार पडल्यावर उचलून आत ठेवतो. त्या वेळी ओरडत नाही की चोच मारत नाही, गुमान काखेत बसते.